हळू आवाजांची भीती

मी पाणी भरत होते, तेवढ्यात माझ्या भाच्याचा, विलासचा फोन आला. “मावशी...” एवढंच म्हणाला. पुढचं त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बादली भरून वाहत राहिली. मुरगूडची माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली. त्याला आता महिना उलटून गेला, तरी फोन वाजला की मी आधी नळ बंद करते.

अक्का कशाला भीत नसे. दावणीची म्हैस बिथरली की घरातले बाप्ये मागे सरत आणि ही पदर खोचून शिंगाला धरायला पुढं. नवरा लवकर गेला, तरी म्हशींच्या जिवावर तिनं विलासला वाढवलं, रूपालीशी त्याचं लग्न करून दिलं. आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात. भांडण मोठ्यानं, माया मोठ्यानं. घरात कुणी हळू बोलायला लागलं, की काहीतरी वाईट घडलंय असं लहान पोरालाही कळतं.

गेल्या वर्षी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. म्हशीनं लाथ मारली असंल, म्हणाली. ताप हटेना म्हणून विलासनं तिला कोल्हापूरला आणलं, दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं... रक्ताचा कॅन्सर. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मावशी, आईला सांगू नगा. खचंल ती.” मग ठरलं, रक्त कमी झालंय एवढंच सांगायचं.

सुया टोचून घेताना तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. तिला भ्यायला लावलं ते आमच्या आवाजांनी. डॉक्टर विलासला दाराबाहेर नेत, कुजबुजत, आणि आत येताना तो हसत यायचा. गावाकडून भेटायला आलेल्या बायका पायथ्याशी उभ्या राहत, मान हलवत, डोळ्यांना पदर लावत. वॉर्डात सगळ्यांना मास्क लागायचा, त्यामुळं कोण खरं हसतंय, कोण रडतंय ते तिला कळायचं नाही. वरचा दिवा कधी बंद व्हायचा नाही, शेजारचं यंत्र टिकटिकत राहायचं. ती माझं मनगट धरून विचारायची, “काय म्हणालं गं डॉक्टर? एवढं हळू कशापायी बोलत्यात?” मी म्हणायचे, “पेशंट झोपलेत म्हणून.” ती माझ्याकडं बघत राहायची.

शेजारच्या खाटेवर गगनबावड्याची एक बाई होती. दोघींचं सूत जमलं होतं. तिकडचा पाऊस, इकडच्या म्हशी, सुनांच्या तक्रारी. एका दुपारी तिच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला गेला. आत पावलांची धावपळ, दबके आवाज... मग सगळं थांबलं. संध्याकाळी पडदा सरकला तेव्हा खाटेवर नवी चादर होती. अक्कानं विचारलं तर आया म्हणाली, “घरी सोडलं त्यास्नी.” आया गेल्यावर अक्कानं मला खाली वाकायला लावलं आणि त्या खाटेखाली बोट दाखवलं. “घरला गेली तर चपला कशा ऱ्हायल्या, माले?”

त्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं. कुणी दाराकडं गेलं की ती उशीवरून मान उचलून कान द्यायची. पडद्याची कडी वाजली की ती चादर घट्ट धरायची. ताप उतरला होता, पण रक्तदाब चढत होता आणि तो का चढतोय हे तपासणीत सापडत नव्हतं. मला मात्र तिच्या डोळ्यांत दिसत होतं. दावणीला बांधलेल्या जनावरानं जाळाचा वास घ्यावा, तसे ते डोळे झाले होते.

शेवटी सकाळच्या फेरीला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा अक्का उठून बसली. “बाई, मला काय झालंय? सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं सांगा.”

विलास पुढं झाला. “आई, काय न्हाय...”

“तू गप. बाई सांगत्यात.”

डॉक्टरीणबाईंनी विलासकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, “सांगा.” त्यांनी स्टूल ओढलं, अक्काच्या समोर बसल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “अक्का, रक्ताचा कॅन्सर आहे. औषध देतोय. लागू पडलं तर दिवस मिळतील. पण बरं होईलच, असं मी म्हणणार नाही.”

अक्का मोठ्यानं रडली. सगळ्या वॉर्डानं वळून बघावं असं. विलास भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. रडून झाल्यावर तिनं पाणी मागितलं, ताकभात मागितला, आणि दुपारी तोंड उघडं टाकून घोरत झोपली. उठल्यावर म्हणाली, “भ्या वाटतंयच की गं. पण आता तुमच्या तोंडाकडं बघत बसाय नको.”

औषधानं थोडे महिने दिले. मग तेही चालेना, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, घरला न्या. मुरगूडला तिनं खाट फिरवून दाराकडं तोंड करून घेतली. येणारं माणूस लांबूनच दिसावं म्हणून. तिची भीती गेली होती असं मी लिहिणार नाही. शेवटच्या दिवशी डोळ्यांना दिसेनासं झालं, तेव्हा ती सारखी विचारत होती, “कोण हाय?” आणि घरातली माणसं मोठ्यानं आपापलं नाव सांगत होती. “विलास हाय, आई.” “मी रूपाली, आत्ती.” पुन्हा “कोण हाय?”, पुन्हा तीच नावं... ती विचारायची थांबेपर्यंत.

परवा मी तिकडं गेले. खाट अजून तशीच, दाराकडं तोंड केलेली. रूपाली तिच्याखालून झाडते, पण सरळ करत नाही. दुपारी मी त्याच खाटेवर आडवी झाले. घरात कुणी नव्हतं. चौकटीतून अंगण दिसत होतं, रस्त्याचा तुकडा दिसत होता, आणि त्या उजेडाकडं बघता बघता मी खाटेची कड घट्ट धरली. आता कुणीतरी येईल, आणि ते कोण असेल... उठायचं सुचेना. तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. वैरण टाकून आलेली रूपाली होती. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, हात पदराला पुसले आणि तिथंच उंबऱ्यात बसली.

“पडा की मावशी,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “मी हाय हितं.”