एकाच माणसाची गाडी

एनिड ऑर्मरॉडचं डोकं लवकर तापतं, असं थॉर्नक्लफ गावात सगळेच म्हणत. तापणार नाही तर काय! नवव्या वर्षी पोलिओनं दोन्ही पाय लुळे केले. मोठी झाली तशी खोऱ्यातल्या सपात्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली आणि तिथं तिच्यासारखा टाका कुणाचा पडत नसे. पण तीन मैलांवरच्या त्या कारखान्यात पोचायचं कसं? अकरा वर्षं ती कोळसेवाल्याच्या गाडीत पोत्यांशेजारी बसून गेली. तीही त्याची मर्जी असेल त्या दिवशी. मर्जी नसली की खाडा.

मग सरकारनं तिला अपंगांसाठीची गाडी दिली. फिकट निळी, तीन चाकांची, वर टप आणि दोन्हीकडे सरकती दारं. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी आडवं हँडल, सगळा कारभार हातांचा. पहिल्या रविवारी एनिड काहीही काम नसताना माळावर तीनदा चढली आणि तीनदा उतरली. घरी येऊन जी रडली, ती चहा गार होईपर्यंत.

गाडीबरोबर नियमांचं पुस्तकही आलं. गाडी एकाच माणसाची. मध्ये एक सीट, तिच्या शेजारी घडीची चाकाची खुर्ची ठेवायला जागा. त्या जागेत माणूस बसवायचा नाही. नवरा नाही, बायको नाही, तान्हं मूलसुद्धा नाही. बसवलेला सापडला तर गाडी परत. कारण काय, तर सुरक्षितता!

आता एनिडचा नवरा विल्फ जन्मापासून आंधळा. पियानो सुरात लावायचं काम करायचा. त्याच्या हातचा पियानो वर्षभर सुरातून हलत नाही, अशी ख्याती. लग्न झालं तेव्हा आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली म्हणून लोक हसले. हसेनात का! तिला डोळे होते, त्याला पाय होते, दोघांचं मिळून बरं चाललं होतं. पण त्याचे अर्धे पियानो माळावरच्या वाड्यांमधल्या प्रार्थनाघरांत, जिथं बस जात नाही. मग करणार काय? विल्फ खुर्चीच्या जागी जमिनीवर बसायचा, गुडघे हनुवटीला लावून, हत्यारांची पिशवी पोटाशी आणि डोक्यावर जुनी सतरंजी. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. हवालदार हॉवर्थ तर निळी गाडी दिसली की खाटकाच्या दुकानातली मटणाची तंगडी न्याहाळत उभा राहायचा.

तीन वर्षं हे निभलं. मग बहात्तरच्या मार्चमध्ये बाजारचौकात, ऐन गर्दीत, गाडी बंद पडली. पडायचीच ती अधूनमधून. विल्फ सतरंजीतून बाहेर आला आणि ढकलायला लागला. कुणाचाही नवरा तेच करील. नेमकी मागच्या मोटारीत गाडी देणाऱ्या खात्याची माणसं होती. ढकलायला माणूस लागतो अशी गाडी द्यायची, आणि ढकलणारा जवळ ठेवला म्हणून नोटीस काढायची. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, ते हेच.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी चौकशी लागली. कचेरी सहा मैलांवर. नवरा-बायको एकाच घरातून एकाच ठिकाणी निघाली. ती गाडीतून गेली, तो दोन बसगाड्या बदलून, काठी टेकत, तिच्यानंतर पाऊण तासानं पोचला.

चौकशी करणारे पिलिंग साहेब मऊ बोलणारे. एनिडला ओरडणाऱ्या माणसाची भीती कधीच वाटली नव्हती. मऊ बोलणाऱ्याची वाटायची.

"मिस्टर ऑर्मरॉड, त्या दिवशी आपण गाडीच्या आत होता का?"

"साहेब, मला काय दिसतंय? होता अंधार एवढा खरं."

कोपऱ्यातली टंकलेखिका फिस्सकन हसली आणि खोकल्याचं सोंग करून गप्प झाली. पिलिंग हसले नाहीत.

"बाई, हा नियम तुमच्याच जिवासाठी आहे. गाडी हलकी. बाजूला वजन आलं की तिचा तोल जातो."

एनिडनं पिशवीतून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "हे तुमच्याच मिस्त्रीचं अक्षर. मोठ्यानं वाचा की."

पिलिंगांनी वाचलं. माळावरच्या वाऱ्यात पुढचं चाक उचललं जात असल्याची तक्रार. उपाय, पुढच्या भागात वाळूचं पोतं ठेवावं.

"म्हणजे वाळूला परवानगी, खुर्चीला परवानगी. नवऱ्याला तेवढी बंदी."

"वाळू म्हणजे प्रवासी नव्हे, बाई."

"मीपण आत बसल्यावर फारसं बोलत नाही, साहेब," विल्फ म्हणाला.

"आणि माळावर बंद पडली तर मी काय करायचं?" एनिडचा आवाज चढला होता.

"आत बसून मदतीची वाट पाहायची."

"किती वेळ?"

"मदत येईपर्यंत."

"डिसेंबरात बर्फात बसले होते की! अडीच तास. ह्या माणसाला नेमका त्या दिवशी घरी ठेवला होता, तुमचा नियम पाळायचा म्हणून! मेंढ्या शोधायला एक जण आला म्हणून वाचले. मेंढरांना माणूस शोधत येतो, साहेब. मला कोण येणार होतं?"

पिलिंगांनी पेन उचललं, खाली ठेवलं. त्यांनाही वाईट वाटत असावं. पण वाईट वाटून काय उपयोग? त्यांनी एक छापील कागद पुढे केला. यापुढे गाडीच्या आत कुणालाही बसवणार नाही, असं लिहून द्यायचं. दिलं तर यावेळी ताकीद. नाही तर गाडी इथंच ठेवून जायची.

एनिडनं तो कागद दोनदा वाचला. कोळसेवाला कधीच मरून गेला होता. गाडी गेली की शिवणयंत्र गेलं, आणि विल्फचे माळावरचे पियानोही गेले. तिनं सही केली, आणि इतक्या रागानं केली की निब कागदातून आरपार गेलं.

बाहेर विल्फ हळूच म्हणाला, "वरच्या वाडीचा पियानो आज संध्याकाळपर्यंत लावायचाय. रविवारी त्यांच्या पोरांचा सण. शब्द दिलाय."

"माहितीय."

"तू जा घरी. मी जाईन विचारत विचारत."

"कड्याच्या रस्त्यानं? एकटा? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

घाटाच्या पायथ्यापर्यंत तो बसनं आला. तिथं एनिड गाडी घेऊन थांबली होती. तिनं दाराची काच खाली केली. "पिशवी आत टाक. पिशवी म्हणजे प्रवासी नव्हे. आता दाराची कड धर आणि चालायला लाग. आत बसवायचा नाही म्हणालेत. बाहेर काय वाट्टेल ते कर."

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, ओलांडून पुढे जायला कुणा मोटारीला जागा नाही. गाडी माणसाच्या चालीनं चढायला लागली. मागे आधी दुधाचा टँकर अडकला, मग पाववाल्याची गाडी, मग मेंढ्यांचा ट्रक. भोंगे सुरू झाले. एनिडनं मान वळवली नाही. विल्फ पन्नाशीपुढचा, छातीनं कच्चा. अर्ध्या चढावर त्याची धाप इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू यायला लागली. मग मात्र तिला भडभडून आलं.

"आत ये, विल्फ. मरू दे तो कागद."

"नको. सही केलीस ना?" तो म्हणाला आणि चालत राहिला.

मागून फटफटीवर हवालदार हॉवर्थ आला. तो आणि एनिड एकाच गल्लीत वाढलेले.

"काय तमाशा मांडलायस गं? खालपर्यंत रांग लागलीय!"

"हळू चालवायला बंदी आहे?"

"बंदी नाही, पण..." त्याचं विल्फच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ते राखेसारखं झालं होतं. हॉवर्थनं स्वतःच सरकतं दार उघडलं. "बस रे बाबा आत. मी काही बघितलं नाही."

एरवी यावर विल्फनं एखादा विनोद हाणलाच असता. त्याला श्वास पुरत नव्हता.

"लिहून दे," एनिड म्हणाली.

"काय लिहून देऊ?"

"आत बसायची परवानगी. खिशात वही आहे ना? तारीख घाल, सही कर."

हॉवर्थचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. "अगं, नोकरी जाईल माझी."

"हां. लिहिलंस तर तुझी नोकरी जाते, आणि नाही लिहिलंस तर माझी गाडी. आजवर मी तुमच्या न बघण्यावर जगले रे, उपकार म्हणून. आता बघा. त्या टँकरवाल्यालाही बघू दे, नीट डोळे उघडून."

मागे ट्रकात मेंढ्या ओरडत होत्या.

"किती राहिलं?" विल्फनं विचारलं.

"मैलभर."

"मग चल."

हॉवर्थनं दार ओढून घेतलं. मागे जाऊन त्यानं सगळ्यांना भोंगे बंद करायला लावले. एनिडनं पुन्हा गाडी सोडली, त्याच चालीनं. विल्फची बोटं दाराच्या कडेवर पांढरी पडली होती. एनिड डोळे पुसत, शिव्या देत चालवत होती, आणि हत्यारांची पिशवी सोडली तर तिच्या शेजारची माणूसभर जागा रिकामी होती.