कॅथेड्रलातलं गाऱ्हाणं

आमच्या चाळीत देवाला काही सांगायचं असलं तर ते माझ्या सासऱ्यांच्या तोंडून, हा नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. दशरथ तावडे त्यांचं नाव. मूळचे देवगडकडचे, पण आयुष्य भांडुपच्या टेकडीवर गेलेलं. पूजा असो, बारसं असो, कुणाची नवी रिक्षा असो, बाबा पुढे उभे राहतात आणि गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोरा नाही मिळाला तर ते मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात.

आमच्याकडे म्हणजे सासरी. मी जुन्नरकडची, यांच्या भाषेत घाटी. माझ्या तोंडून अजून ‘होय महाराजा’च निघतं आणि सासूबाई दर वेळी कपाळाला हात लावतात. "होय नाय गो श्रुतिका, व्हय. देव काय पुण्याक ऱ्हवता?" हे घरातल्या घरात. चाळीच्या मंडळाच्या पूजेत हा हुंकार फक्त पुरुषांनी द्यायचा, बायकांनी मागे हात जोडून उभं राहायचं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

बाबा तरुणपणी गिरणीत होते. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलून त्यांचा आवाज असा झाला की आजही माईक लागत नाही. गिरणी बंद पडल्यावर ते फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई म्हणून चिकटले. येता-जाता वाटेत ते जुनं कॅथेड्रल लागायचं. ज्या चर्चवरून चर्चगेटला चर्चगेट म्हणतात, ते हेच.

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी जान्हवी घरी आली ती नाचतच. शाळेच्या गाण्याच्या चमूला त्याच कॅथेड्रलात गायचं होतं, नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी. बाबा म्हणाले, "मी येतलंय."

ही बातमी चाळीत पसरायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी मंडळाचा अध्यक्ष किरण परब दारात उभा. मुलगा वाईट नाही, पण अध्यक्ष झाल्यापासून मान जरा ताठ झाली आहे. "काका, पोरीला पाठवा, शाळेचं आहे. पण तुम्ही जाऊ नका ना. गाऱ्हाणं घालणारं तोंड आहे तुमचं. लोक बोलतील."

"बोलूंदेत. तोंडा कित्याक दिली हत?" बाबा म्हणाले. "वीस वर्सां त्या दारावरना गेलंय. आत डोकावक नाय, म्हटला कोण तरी हटकतलो. आता माझी नातच थय गातली. बघतंय कोण हटकता ता."

माझा नवरा राजेश मंडळाचा सेक्रेटरी. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. सासूबाईंनी रात्रीची भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

शेवटी बाबा, जान्हवी आणि मी, तिघंच गेलो. कॅथेड्रलाच्या दारात बाबांनी चपला काढल्या. तिथला स्वयंसेवक धावत आला, "अंकल, चप्पल पहनिए, चलता है." बाबा म्हणाले, "आपको चलता है, मेरे को नहीं चलता." आणि अनवाणी आत शिरले. शिरता शिरता त्यांचा हात वर गेला. घंटा शोधत होता तो. नाही सापडली तेव्हा त्यांनी तोच हात छातीला लावला. मग मीही गुपचूप सँडल काढल्या. फरशी गार होती.

आत चारी भिंतींवर संगमरवरी पाट्या, त्यांवर साहेब, जहाजं, मान टाकून रडणाऱ्या बायका. बाबांनी दोनचार पाट्या नीट निरखल्या.

"ही कोणाची?"

"मेलेल्या गोऱ्या साहेबांची."

"एवढी? मगे देव खय?"

"समोर, पुढे."

"बरा. लांब बसवल्यानी," म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे निघाले.

जान्हवीचं गाणं सुंदर झालं. मला इंग्रजी शब्द निम्मेच कळले आणि बाबांना एकही नाही, पण ते डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मग पाद्री उभे राहिले आणि प्रार्थना सुरू झाली. ते एक वाक्य म्हणत, थांबत, आणि सगळे लोक एका सुरात उत्तर देत. बाबांनी डोळे उघडले.

"काय म्हणतत?" त्यांनी माझ्या कानात विचारलं.

"आजारी माणसांना बरं कर म्हणतायत."

पुढचं वाक्य झालं. लोकांनी पुन्हा उत्तर दिलं. "आणि आता?"

"जे समुद्रावर गेलेत त्यांना सांभाळ."

बाबा ताठ झाले. "अगो, हा गाराणा," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरणार तोवर तिसरं मागणं संपलं होतं आणि लोकांच्या उत्तराच्या वर, त्या उंच छतापर्यंत, बाबांचा आवाज गेला.

"व्हय म्हाराजा!"

तो तिथून परतही आला, दोनदा. आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळली. जान्हवीने तोंडावर वही धरली. माझं तर पाणी पाणी झालं. पाद्री क्षणभर थांबले, बाबांकडे बघितलं आणि पुढचं मागणं वाचलं. बाबांनी पुन्हा दुजोरा दिला. शेवटपर्यंत एकही मागणं त्यांनी सोडलं नाही.

निघताना पाद्री दारात उभे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते चक्क मराठीत म्हणाले, "कुठले तुम्ही?"

"देवगडचो."

"मी नगरचा. आमच्याकडं आमेन म्हणतात. पण तुमचं जास्त लांब ऐकू गेलं."

बाबा एवढे खूश झाले की चपला तिथेच विसरून निघाले होते.

कुणा पालकाने काढलेला व्हिडिओ आमच्या आधी भांडुपला पोचला. चाळीच्या ग्रुपवर एकच गोंधळ. बाबांनी चर्चमध्ये गाऱ्हाणं बाटवलं म्हणे. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. त्याआधी बाबांनी सगळ्यांसमोर ‘चुकलं’ म्हणायचं, नाहीतर गाऱ्हाणं किरणचे सख्खे काका घालतील, असं कमिटीत ठरलं. हा निरोप घेऊन राजेशच आला.

"बाबा, दोन शब्द बोलून टाका ना. विषय संपेल."

"काय चुकला ता सांग, मगे बोलतंय."

"तिकडे कशाला ओरडलात?"

"आजाऱ्यांका बरा कर म्हणत होते. मी काय नको म्हणू?"

राजेशने पुन्हा मोबाईल काढला. सासूबाई मात्र त्या दिवशी फुटल्या. आयुष्य ह्या शेजाऱ्यांत काढलं, उद्या दारात कुणी आलं नाही तर काय करायचं, असं म्हणत त्या रडल्या. बाबा त्यांच्याशेजारी बसून राहिले. चुकलं असं काही म्हणाले नाहीत. मला तेव्हा त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

पूजेच्या दिवशी आरती झाली. किरणचे काका घसा साफ करत होते तेवढ्यात बाबा उठून देवासमोर उभे राहिले. त्यांना हाताला धरून बाजूला करायची हिंमत कुणात नव्हती. पण किरणने पुरुषांच्या रांगेकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांना समजलं, हुंकार द्यायचा नाही.

"बा देवा म्हाराजा, आज चाळीतल्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

कुणी बोललं नाही. बाबांनी हुंकाराएवढी जागा सोडली.

"कोण आजारी असात, कोण कामाशिवाय बसलो असात, त्याका मार्ग दाखव रे म्हाराजा."

पुन्हा शांतता. पंखा तेवढा फिरत होता. बाबांची मान मागून दिसत होती, ती जराही हलली नाही.

"माझी नात दुसऱ्या देवाच्या दारात गायली. त्या दारान आमका अनवाणी आत घेतला, तुझा नाव मोठ्यान घेऊक दिला. त्या दाराचा भला कर रे म्हाराजा."

आणि ते थांबले. या वेळी पुढचं वाक्य येईना. बाबांनी ह्याच तोंडाने रांगेतल्या या सगळ्यांच्या पोराबाळांसाठी, नोकऱ्यांसाठी, ऑपरेशनांसाठी मागितलं होतं, आणि आता ह्यांना एक शब्द जड झाला होता. मी मागच्या रांगेतून, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "होय महाराजा."

सगळ्या माना वळल्या. शेजारून सासूबाईंनी माझ्या कोपराला जोरात चिमटा घेतला. मला वाटलं, आता गप्प बसवणार.

"होय नाय गो," त्या भर मंडपात ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

मागून कुणीतरी हसलं. मग जान्हवीचा आवाज आला, तिच्यामागून शेजारच्या वनमालाकाकूंचा, मग सगळ्या बायकांचा.

"आणि कोणाक तोंड उघडूचा भय वाटत असात," बाबांनी पुढचं मागणं केलं, "तर ता भय दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी पुरुषांच्या रांगेतूनही आवाज निघाला. त्यात किरणचे काकाच सगळ्यांत पुढे होते. त्यांची इतक्या वर्षांची सवय, बिचारे विसरले. राजेशचे ओठ हलले का, ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत नव्हते.

किरण पुढे आला. "काका, झालं ना आता? प्रसाद वाटायचाय."

"खय झाला?" बाबा म्हणाले. "पयली तीन नीट पोचूक नाय."

त्यांनी पुन्हा हात जोडले आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं.