तुर्कस्तानचं बीट आणि आमचा ऊस

"सुलतान सोडा हो. माणूस काय खात होता, ते सांगा."

चष्मा कपाळावर ढकलून सर असं म्हणाले, की आमची स्टाफरूम हळूहळू रिकामी व्हायची. कोल्हारजवळच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. टेबल शेजारीच, त्यामुळे मी पळून तरी कुठे जाणार? तुर्की लोकांचं गेल्या शंभर वर्षांतलं साधंसुधं जगणं हा त्यांचा ध्यास होता. असा सहकारी तुम्हाला लाभला असेल, तर माझी कीव येईल.

तुर्कस्तानला ते कधी गेले नव्हते. पण तिथले बाप्ये कामाला जर्मनीला गेले तेव्हा मागे शेती कुणी केली, हे आपल्याच आळीतलं असल्यासारखं सांगायचे. पोरं पेपरात गाईडमधलं उतरवायची: गोंड्याच्या तुर्की टोपीवर सरकारी बंदी, नवी लिपी. सर समासात लाल पेनने लिहायचे, 'आणि लोक?' पोरं येऊन विचारायची, सर, याला किती मार्क?

सगळ्यात जीव त्यांचा तिकडच्या साखर कारखान्यांवर. तिथे साखर बीटाची. सरकारने कारखाने काढले, भोवती शाळा, दवाखाने आले, बीटाचा चोथा गुरांना मिळू लागला. पुढे त्यातले बरेच खासगी मालकांना विकले. इथवर आले, की सर पुस्तक मिटायचे.

मग आमच्या सहकारी कारखान्यावरच ती वेळ आली. विक्रीचा ठराव वार्षिक सभेत येणार होता. आम्ही दोघंही सभासद. सरांनी पंधरा दिवस भाषणाची तयारी केली. मी हात जोडून सांगितलं, सर, तेवढं तुर्कस्तान नको, नुसता विरोध नोंदवा. ऐकतील तर शपथ! एवढा विद्वान माणूस, पण डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

सभेत त्यांनी बीटापासूनच सुरुवात केली. मागून एकजण म्हणाला, "सर, ते लई लांबचं ऱ्हाऊ द्या. आमच्या उसाचं बोला."

"तेच तर बोलतोय," सर म्हणाले. हशा पिकला. माईक काढून घेतला गेला आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले.

आमच्याकडच्या सभांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ठराव भरभर वाचतात आणि तो संपायच्या आत मांडवातून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं. इतिवृत्त मंजूर झालं, पोटनियमातली दुरुस्ती मंजूर झाली. पुढचा विषय वाचला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मीही सगळ्यांबरोबर हात वर करून ओरडलो, मंजूर. तोच विक्रीचा ठराव होता.

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर परवडलं असतं.

"सवयीनं निघून गेलं हो तोंडातून," मी म्हणालो.

"तिकडच्या लोकांनी हे होऊ कसं दिलं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं," ते म्हणाले आणि उठून गेले. बाहेर जिलबी वाटत होते, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर निवृत्त होऊन ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले, आणि उन्हाळ्यात तिथेच वारले. माफी मागायची राहूनच गेली. माझा मलाच इतका संताप येतो, की कुणाला सांगायची सोय नाही.

यंदा सप्टेंबर लागल्यापासून मी सभेच्या नोटिशीची वाट पाहत होतो. एकट्याने उभं राहून 'नामंजूर' म्हणायचं, असं पक्कं ठरवलं होतं. महिना संपला तरी नोटीस आली नाही. मग ध्यानात आलं, कारखाना आता मालकाचा आहे, आणि मालक सभा घेत नसतो.