माझ्या तोंडातलंच देणार

मानसीचा फोन आला तेव्हा मी गिरगावात एका दुकानात लोकरीचे मोजे बघत उभी होते. मुंबईत लोकरीचे मोजे मागितले की दुकानदार आधी आपल्याकडे नीट बघून घेतो आणि मगच वरच्या फळीवरचं खोकं काढतो. मी दोन जोड बाजूला काढले होते, एक माझा आणि एक भारतीचा. भारतीची मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तशीच करी रोडला तिच्या घरी गेले. तिच्या उशाशी बसल्यावर लक्षात आलं, मोज्यांची पिशवी माझ्या हातातच होती.

नंतर भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाण्यात गेली का हो?" आम्ही दोघी साठीच्या उंबरठ्यावर स्कूबा डायव्हिंग करत होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दोघांना मी सरळ उत्तर दिलं. पुढे माझं डोकं फिरायला लागलं. नाही हो! पाण्याने भारतीचं कधी काही वाकडं केलं नाही. कोळ्यांची लेक ती, दादरच्या तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवण्यात तिचा जन्म गेला. ती गेली ओट्यापाशी, जिथे आपण सगळ्याजणी रोज उभ्या असतो. उगाच पाण्याला बोल लावू नका.

आमची मैत्री कॉलेजातली. मी गिरगावातल्या वाडीतली, आमच्या घरी पाणीसुद्धा भांडं तोंडाला न लावता वरून प्यायची शिस्त. उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत आई कुणाचं ऐकत नसे आणि मी तिचीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात भारतीने कैरीचा एक लचका तोडला आणि उरलेली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "चिमणीच्या दातांनी तोडून दे." लहानपणी आपण करतो ना, खाऊ रुमालात धरून चावायचा, म्हणजे दात रुमालाला लागतात, खाऊ उष्टा होत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बी. ए. करतेस ना गो तू?" पण तिने रुमाल काढला, त्यात कैरी धरून कचकन तोडली आणि मला दिली. पुढची सगळी वर्षं ती मला चिमणी म्हणूनच चिडवायची. माझं खरं नाव शैला, ते तिने फक्त भांडताना वापरलं.

मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्याच वर्षी तिने मला ओढत मालवणला नेलं आणि आम्ही डायव्हिंग शिकलो. तिथे एक सराव असतो. पाण्याखाली आपली हवा संपली असं समजायचं आणि जोडीदाराच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा. सिलिंडरमधली दाबून भरलेली हवा श्वासापुरती सोडणारं जे यंत्र असतं त्याला रेग्युलेटर म्हणतात. त्याचं एक टोक सिलिंडरवर बसतं आणि दुसरं आपण दातांत धरतो. अडीअडचणीसाठी आणखी एक पिवळं टोक छातीवर लटकत असतं. मी खूण केली तशी भारतीने स्वतःच्या तोंडातलं काढून माझ्यापुढे धरलं. मी तिचा हात बाजूला सारला आणि पिवळं घेतलं. वर आल्यावर ती पोट धरून हसली. "मरताना पण विचारशील, उष्टं आहे का म्हणून!" मी म्हटलं, "मग ते पिवळं कशाला दिलंय?" तेव्हा मात्र ती गंभीर झाली. "ते लोंबकळत असतं, त्यात रेती जाते, काय वाटेल ते होतं. चालतंय की नाही कुणी बघितलंय? माझ्या तोंडातलं चालतंय हे मला माहीत असतं. द्यायची वेळ आली तर मी माझ्या तोंडातलंच देणार. घ्यायचं तर घे, चिमणे."

आइसलंडचं खूळ माझं. तिथे पृथ्वीच्या कवचाचे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या भेगेत हिमनदीचं वितळलेलं पाणी असतं. फळ्यावर ती भेग मी इतकी वर्षं खडूने काढली, आता एकदा तिच्यात उतरायचंच होतं. भारतीला भूपट्टांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला स्वच्छ पाणी बघायचं होतं. "आपल्याकडे स्वतःचा हात दिसला तरी नशीब," ती म्हणायची. "शिवाजी पार्कच्या या कट्ट्यावरून त्या कट्ट्यापर्यंत दिसेल असलं पाणी मला एकदा बघू दे." बाकीचं सामान तिथे भाड्याने मिळतं. पण शंभर जणांच्या तोंडातला रेग्युलेटर मी तोंडात घालणार नव्हते, तेव्हा तो विकत घ्यायचा ठरला आणि आमची भांडणं सुरू झाली.

परळच्या दुकानदाराने दोन मॉडेल्स पुढे ठेवली. एक हलकं, सुटसुटीत, आतल्या पिस्टनला थेट पाणी लागणारं. दुसरं जड, आत पडदा, यंत्राचा नाजूक भाग पाण्यापासून पूर्ण सीलबंद. मला हलकं आवडलं. श्वास सहज येतो, भाग कमी, बिघाड कमी, प्रवासात ओझं नाही. भारतीने तोंड वाकडं केलं. दाबातून सुटणारी हवा मुळातच गार होते, त्यात पाणी बर्फासारखं. मग यंत्राची झडप उघडी असतानाच गोठते, हवा थांबता थांबत नाही आणि सिलिंडर बघता बघता रिकामं होतं. मी म्हटलं, "गोठेल तेव्हा बघू." ती म्हणाली, "बघू काय, मी आहेच की. फक्त तेव्हा माझं उष्टं घ्यावं लागेल. चालेल?"

मी हट्टाची. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मानणार नाही म्हटलं. भारतीने दुकानदाराकडून दोन्ही रेग्युलेटर आणि एक भरलेलं सिलिंडर एका दिवसापुरते मागून आणले. तिच्याकडे शिकलेल्या कितीतरी बायका त्याच्याकडून पोहायचे चष्मे घ्यायच्या, त्यामुळे तो नाही म्हणाला नाही. दादरच्या मासळी बाजारात तिच्या आईचा गाळा, तिथली बर्फाची मोठी पेटी धुऊन-पुसून आईच्या घराच्या अंगणात आणली. आईने बर्फ फोडून भरून ठेवला होता. त्यात पाणी ओतलं, सिलिंडर आडवं घातलं आणि भारती चष्मा लावून पेटीत तोंड बुडवून श्वास घ्यायला लागली. आजूबाजूच्या बायका आपापली कामं टाकून बघत होत्या. हलकं मॉडेल लगेच फसफसून वाहायला लागलं. माझा चेहरा पडला. मग जड लावलं... तेही थोड्या वेळाने फसफसलं! भारती ओल्या केसांनी पेटीच्या कडेला बसून राहिली. तिचा इतका उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. "मग काय, जायचं नाही?" ती म्हणाली. तेवढ्यात आई म्हणाली, "गार झालंय ना बरोबर? खडं मीठ मारलंय मी, दोन पसे. मासळीला मारतो तसं."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मिठाच्या बर्फाने पाणी शून्याच्याही खाली जातं, तसलं पाणी त्या भेगेत कुठून असणार! सगळी पेटी उपसली, सगळं गोड्या पाण्याने धुतलं, बिनमिठाचा बर्फ भरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हलकं पुन्हा फसफसलं. जड मात्र ढिम्म. भारतीने मुद्दाम धापा टाकल्यासारखे श्वास घेतले तरी ते मुकाट्याने चालत राहिलं. "ये, तू पण घेऊन बघ," ती म्हणाली. माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा माउथपीस होता, म्हणजे दातांत धरायचा रबरी तुकडा. तो मी काढायला लागले तशी तिची आईसुद्धा हसली.

दुकानात सीलबंद मॉडेलचा एकच नग होता. तो भारतीने घेतला आणि माझ्यासाठी दुसरा मागवला. तिने तो रोज तलावावर न्यायला सुरुवात केली. म्हणायची, "नवीन वस्तूवर भरवसा आपण बसवायचा असतो, तो खोक्यातून येत नाही." रबर चावायची तिला वाईट खोड होती. महिन्याभरात माउथपीसच्या कडेला दातांचे खळगे पडले होते. ती तिकडे सराव करत होती आणि मी इकडे मोजे घ्यायला गेले होते...

भारतीचे दिवस झाल्यावर दुकानदाराचा फोन आला, माझा रेग्युलेटर आला होता. त्याच संध्याकाळी मानसी गिरगावला आली आणि भारतीचा रेग्युलेटर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आजी म्हणते, हा शैलाला दे. मावशी, तू जाणार आहेस ना?" मी जाणार की नाही हे मला तोपर्यंत खरंच माहीत नव्हतं. एकटीने जायचं, पाण्यात अनोळखी जोडीदार, आणि बरोबर हसायलाही कुणी नाही. पण त्या पोरीच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. "जाणार," मी म्हटलं. म्हटल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परळला गेले. दुकानदाराने माझं खोकं उघडून दाखवलं. तेच मॉडेल, कोरं, कुणाच्याही तोंडाला न लागलेलं. मला हवं होतं तस्सं. शेजारी मी भारतीचा ठेवला. तो म्हणाला, "ताई, मॅडमचा घरच्यांना विकायचा असेल तर माउथपीस बदलून देतो, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "विकायचा माझा आहे. नवा. आणि त्या माउथपीसला हात लावू नका."

आता भारतीचा रेग्युलेटर माझ्या न्हाणीघरात खुंटीवर असतो. तलावावरून आले की तिच्यासारखाच गोड्या पाण्यात बुडवून, निथळून टांगते. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर बसून मी बराच वेळ तो नुसता हातात धरून होते. तिचे खळगे माझ्या दातांना जुळत नाहीत, तिचा जबडा रुंद होता. पर्समध्ये रुमाल होता, माझा माउथपीस होता. दोन्ही तिथेच राहू दिले. डोळे मिटले, तो तोंडात धरला आणि पाण्यात गेले. श्वास आला. कोरडा, गार, थोडासा रबराच्या चवीचा.

चालतंय, भारती.