कोंड्यावर विकलेली दगडाबाई

दगडाबाईला जन्मताच विकलं होतं! पाठोपाठ दोन लेकरं गेली, तिसरं तरी जगावं म्हणून आईनं, रुख्मिणीनं, तिला सुपात घातलं आणि पसाभर कोंडा घेऊन शेजारच्या नर्मदाबाईच्या हवाली केलं. नाव ठेवलं दगडा. मरणालाही वाटावं, ही कुणालाच नकोय. दूध पाजायला लगेच घरी आणलं, पण लाड? छे! पोर हसत जवळ आली की रुख्मिणी तोंड फिरवायची. "नर्मदे, तुझी पोरगी ने गं!"

मूल स्वतःला आरशात नंतर बघतं, आधी आईच्या चेहऱ्यात बघतं. दगडाबाईला तिथं नुसता पाठमोरा अंबाडा दिसला. मोठी होऊन ती सोनपेठच्या बाजारात बकऱ्या विकायला लागली, गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडायची. पण स्वतःसाठी कधी घोटभर चहा मागितला नाही. आणि लेक झाल्यावर? तेच! "कुनाची गं ही?" "शेजारणीची."

ती लेक म्हणजे दैवशाला. गंगाखेडला कबड्डीचा अंतिम सामना, त्या सकाळी ती अडूनच बसली.

"आई, आज तरी म्हन, माझी हाय."

"दिष्ट लागती, बये. तुला काई झालं तर?"

"झालंय की! मी कुनाची तेच कळंना मला."

सामना रंगला. सेलूच्या पोरी सोनपेठच्या एका गुणानं पुढं, शेवटची चढाई दैवशालाची. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... दोघींना शिवून ती मागं वळली! मैदान उसळलं.

"लय तिखट पोरगी! कुनाची हो?" प्रेक्षकांत दगडाबाईच्या बाजूला बसलेला माणूस ओरडला.

"शेजार..." दगडाबाईनं शब्द अर्ध्यातच सोडला. मग ती बाकड्यावर चढली आणि बाजारात लावते तो आवाज लावला, "माझी! माझी हाय! माझ्या पोटची!"

लाइन हातभर उरली होती. दैवशाला थांबली. दम तुटला.

"आई?"

चौघी तिच्यावर कोसळल्या. शिट्टी वाजली. सोनपेठ हरलं.

"येडी झालीस का?" कप्तान किंचाळली. "लाइन हितंच व्हती की गं!"

"आई काय म्हनली, ऐकलं का तुमी?" तोंडभर माती, आणि दैवशाला खदाखदा हसायलीय!

गर्दी लोटत दगडाबाई आत घुसली, लेकीचे गुडघे चाचपायला लागली. "लागलं का गं? कुटं लागलं?"

"न्हाई. आनखी एकदा म्हन."

"ऊठ आधी. लोकं बघायलेत."

"बघू दे! म्हन की!"