बंद ऑसिलोस्कोपवरची हिरवी रेघ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बाबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या दर्यापूरच्या घरात 'बाहेरचं काही' हा शब्दसुद्धा कुणी काढत नसे. त्यात मी फिजिक्सची. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

साठच्या दशकात मी अमरावतीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. नोकरी टेम्पररी. कॉलेजात नवीन ऑसिलोस्कोप आला होता — गोल काचेवर हिरव्या उजेडाने आलेख काढणारं यंत्र. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "काचेवर साइन वक्र स्थिर दिसला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवणं कठीण आहे."

दुपारी दोनला मी एकटीच डार्करूममध्ये बसले. खिडकी नाही, दार एकच. ब्राइटनेस कमी केला, फोकस जुळवला, रेघ मधोमध आणली. तासाभरात लाटेसारखा सुरेख वक्र उभा राहिला. ट्रेसिंग पेपरवर उतरवूनही घेतला.

मग बटण बंद केलं. वक्र गेला नाही.

भिंतीतली पिन उपटून वायर जमिनीवर टाकली. तरीही वक्र तसाच, हलकेच सरकत...

मी दाराकडे धावले. दाराला आतून कडी नव्हतीच, नुसतं लोटलेलं. पण ते हलेना! जणू पलीकडे भिंत बांधली होती. बाहेर शिपाई शामराव कुणाशी तरी बोलत होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बाई गेल्या वाट्टे घरी."

"शामराव, मी इथंच आहे!" मी ओरडले, मुठी आपटल्या. पावलं लांब गेली. घसा बसला, मी दाराला पाठ टेकून खाली बसले. त्या हिरव्या उजेडात मला माझेच हात परके वाटत होते. वाटलं, आता कुणालाच मी सापडणार नाही.

अचानक काच काळी झाली. पाठीमागचं दार आपोआप सैल झालं.

बाहेर पाच वाजले होते. शामराव दचकले. "बाई, तुमी कुठून आल्या?"

"आतच होते! किती हाका मारल्या..."

"आतमंदी? मी दोन खेपा जाऊन आलो ना! दार तं सताड उघडं होतं. टेबल पुसला, खाली पडलेली वायर गुंडाळून ठेवली. खुर्ची रिकामी होती, बाई."

मी वळून पाहिलं. वायर नीट गुंडाळून यंत्रावर ठेवलेली होती. आणि माझ्या मुठींची सालं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरळीत पार पडली. पुढे नोकरीही पक्की झाली. पण त्या खोलीत मी पुन्हा कधी एकटी गेले नाही.

शामराव रिटायर झाले त्या दिवशी मी परत विचारलं. ते म्हणाले, "बाई, मी तुमच्याशी खोटं कावून बोलू?"

खरंच, त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मलाही नाही. मग ते दोन तास मी कुठे होते, हे अजूनही मला सांगता येत नाही.