मुलुंडला राहिलेली केबलींची पिशवी

भाव करणं आणि मागणं यांत लोक गल्लत करतात. भाव करताना माझ्या हातात काहीतरी असतं: रोख पैसे, पुढची ऑर्डर, नाहीतर निदान उठून निघून जायची तयारी. मागताना हात रिकामा असतो. मी दहिसरला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतो, आणि हा धंदा मी भाव करत उभा केला. या गोष्टीआधी मागितलं होतं आयुष्यात एकदाच, थोरल्या भावाकडे.

कटिंगचं मशीन घ्यायला कर्ज हवं होतं, त्याला जामीनदार लागत होता. दादा बँकेत होता, त्याच्या सहीला वजन होतं. त्यानं कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "जेवून जा." मी जेवलो नाही. मशीन पुढे दुसऱ्या वाटेनं घेतलं. ती वाट कसली होती ते सांगत बसत नाही. तेव्हापासून लग्नकार्यात आम्ही भेटतो, एकमेकांच्या मुलांची चौकशी करतो. पण त्याच्या घरी मी पाणीसुद्धा मागत नाही. वहिनी आणून देते तेव्हा पितो.

असं सगळं नीट बसलेलं असताना त्याच्या घरून एक ग्राफिक्स कार्ड आलं.

माझी मुलगी अॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाला तिला एक छोटी फिल्म करून द्यायची होती, आणि आमचा कॉम्प्युटर त्या फिल्मचे चार सेकंद तयार करायला अख्खा दिवस घ्यायचा. पुतण्या शिकायला परदेशी गेला, त्याचा मोठा कॉम्प्युटर मुलुंडला दादाच्या घरी पडून होता. ती सहज काकाकडे गेली आणि मोठ्या पिशवीतून कार्ड घेऊन आली. कॉम्प्युटरला चित्रं भराभर तयार करून देणारं, विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. सोबत त्याच कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायही होता.

"हा डबा कशाला? आपल्याकडे आहे की," मी म्हणालो.

"आपल्याकडचा या कार्डाला पुरणार नाही, बाबा."

कॉम्प्युटरच्या पेटीत हा चौकोनी डबा असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला झेपेल अशी वाटून द्यायची, हे त्याचं काम. आमचा डबा मी पेटीच्या खरेदीत घासाघीस करून फुकटात पाडला होता. त्यावर चारशे पन्नास वॉट छापलेलं होतं. मुलीचं म्हणणं, फुकटच्या डब्यावर छापलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते तूच ठरव. पण नवीन कार्ड भरात आलं की एकटंच त्याच्या निम्म्याहून जास्त खाईल, आणि कार्डवाली कंपनी साडेसहाशेचा डबा मागते. शिवाय कार्डाला वेगळी केबल लागते, ती आमच्या डब्याला नव्हतीच. पुतण्याचा डबा साडेसातशेचा होता. तेवढ्यात कार्डाचं आरामात भागत होतं.

फक्त त्या डब्याच्या सगळ्या केबली सुट्या होत्या. आपल्याला हव्या तेवढ्या लावायच्या, उरलेल्या पिशवीत ठेवायच्या, अशी सोय. आणि ती पिशवी मुलुंडला राहिली होती.

"काकाला फोन करते," मुलगी म्हणाली.

"नाही करायचा."

"अरे, पण त्याच्याकडेच आहे ना ती."

"दिलंय तेवढं पुरे झालं. आपल्या घरातून आता कुणी काही मागणार नाही. केबल काय सोन्याची असते? बाजारात मिळेल."

बोरिवलीला जुन्या कॉम्प्युटरचे भाग विकणारं एक दुकान आहे. मालक माझ्यासारखाच, गिऱ्हाईक दारात आलं की चेहरा पाडणारा. मी डब्याचा फोटो दाखवला.

"कंपनी कोणती, काका?"

"कंपनीचं काय करायचंय? तोंड बघ ना. हे तोंड, ही भोकं."

"बसेल. पण चालेल का ते मला विचारू नका."

"बसेल तर चालेल. भाव बोल."

त्यानं भाव सांगितला, मी हसलो, तो चिडला, मी पायरी उतरलो, त्यानं परत बोलावलं. निम्म्यात काम झालं. "परत घेणार नाही हां," तो मागून ओरडला. मी हातानंच ठीक म्हटलं. दादाचं नाव न काढता काम झालं याचा आनंद इतका होता की घरी येताना मी मिठाई घेतली.

केबल डब्यात खट्कन बसली. मी विजयानं मुलीकडे पाहिलं. तिनं भिंतीवरचं बटण हातानं झाकलं.

"नाही लावायचं. ही दुसऱ्या कंपनीची आहे."

"बसली की गं."

"बसेलच. कार्डाकडचं तोंड सगळ्यांचं एकसारखं असतं. डब्याकडच्या तोंडात कुठल्या भोकातून काय येतं, ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवलंय. चुकीची लावली तर कार्ड जाईल. कार्डच काय, सगळंच जाईल."

"कंपन्या असंच सांगतात. आपलाच माल खपावा म्हणून."

"मग तूच बघ. तुझा मीटर आण."

मशीनची वायरिंग तपासायला माझ्याकडे मीटर आहे. तार सलग असली की तो पीं करतो. तिनं डब्याच्या कंपनीचं चित्र मोबाइलवर काढलं, मी केबलीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. जिथं वाजायला हवा तिथं गप्प, जिथं गप्प राहायला हवा तिथं पीं. मी दुसरी जोडी धरली, तिसरी धरली. बारा व्होल्ट जायचे तिथं दुसरीच तार येत होती. आमच्या धंद्यात मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, एका कंपनीच्या चौकटीत दुसरीचा रोलर घालू नका, बसलेला दिसेल आणि एक दिवस काच खाली येईल. तेव्हा गिऱ्हाईकही मला हेच म्हणतं, तुमचा माल खपवताय.

"ठीक आहे," मी केबल फेकली. "नवीन सप्लाय घेऊ. सगळ्या केबलींसकट. उद्याच."

"घरात चांगला सप्लाय आहे, बाबा. तुला सप्लाय घ्यायचाच नाहीये. तुला फोन करायचा नाहीये."

माझा आवाज चढला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती रडली असती तर मी बाजार गाठला असता आणि सगळ्यांत महागडा डबा आणून तिच्यासमोर ठेवला असता. ती रडली नाही. तिनं कार्ड परत त्या मोठ्या पिशवीत घातलं, वर डबा ठेवला, पिशवीला गाठ मारली. "काकाला परत देऊन येते. फिल्म जुन्यावरच करते, होईल तेवढी. मलाही कुणाचं काही नको." जबडा आवळलेला, आवाज एकदम थंड. उठून निघून जायची तयारी. ही मी तिला कधी शिकवली नव्हती, तिनं बघून घेतली होती. आणि ती स्वतःच्याच फिल्मवर वापरत होती.

मी गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला.

"दादा, ती केबलींची पिशवी राहिलीय तिकडे. मला हवी आहे."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "कुणाबरोबर पाठवू?"

"मी येतो."

स्कूटर काढली, घोडबंदर रोडनं मुलुंड गाठलं. दारात दादा पिशवी घेऊनच उभा होता. मी ती उघडून एकेक केबल डब्याच्या फोटोशी ताडून पाहिली.

"तपासून घेतोस? फुकट दिलंय रे."

"फुकट आहे म्हणूनच तपासतो. विकत घेतलं असतं तर भांडता आलं असतं."

"भांड की. कोण अडवतंय?"

मग माझ्या तोंडून निघालंच. "सही का नाही केलीस?"

कुठली सही, असं त्यानं विचारलं नाही. "तू मागितलीस कुठं? कागद आपटलास, पेन उघडून हातात दिलंस, 'इथं कर' म्हणालास. हप्ता कुठून भरणार, एक शब्द बोललास?"

"तू विचारलंस?"

"दिवसभर बँकेत तेच विचारायचो. घरी भावालाही विचारू? जेवून जा म्हटलं. जेवताना बोललो असतो."

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. उपाशी माणसाला आधी सही द्यावी, मग वाढावं. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, बँकेत असं केलं असतं तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, मी बँकेत नव्हतो आलो, घरी आलो होतो.

"भावोजी, आत येऊन भांडा," वहिनी आतून ओरडली. "समोरच्यांचं दार उघडं आहे."

आत गेलो. चहा झाला, वाद चालूच राहिला, आणि मध्येच मुलीचा फोन आला म्हणून मी उठलो.

घरी मुलीनं केबली लावल्या. बटण मी दाबलं. तिन्ही पंखे थोडे फिरले, थांबले, मी परत बटणाकडे हात नेला. ती म्हणाली, काम नसलं की थांबतातच. तिनं फिल्मचा एक तुकडा चालू केला, तसे ते परत फिरू लागले. आम्ही दोघं वाट बघत बसलो. चहा करून आणेपर्यंत तुकडा तयार होता.

"काकाला सांग चाललं म्हणून," ती म्हणाली.

"तू सांग."

"मागितलं कुणी होतं?"

मी फोन लावला. दादानं लगेच उचलला. कार्ड चाललं का, डबा तापतोय का, काही विचारलं नाही. म्हणाला, "आणि दुसरी गोष्ट. त्या कागदावर कर्जाची मुदत किती होती, आठवतंय तुला?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "आठवतंय. तुला आठवतंय का ते सांग."